व्हिनी गोर्टनचं गाण्यांचं पुस्तक

प्रॉव्हिडन्स, २० सप्टेंबर १९५४

ग्रंथपाल स्प्रेगसाहेबांनी कामाची रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. ती मी टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवीनच. ही वही माझी. हिच्यात खरं लिहायचं.

ऑगस्टअखेरच्या वादळात खाडी थेट गावात शिरली आणि आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात कमरेएवढं पाणी चढलं. जुन्या गाण्यांचे छापील कागद तिथेच होते. आमच्या आज्यांच्या काळी मुली दुकानातून एकेक गाणं आणत, घरच्या पियानोवर बसवत आणि पन्नास-साठ जमली की चामड्यात बांधून वर सोनेरी अक्षरात आपलं नाव घालून घेत. लग्न झालं की पुस्तक माळ्यावर जाई आणि बाई गेली की ग्रंथालयात येई. अशी दोनशे चौदा पुस्तकं आमच्या गळ्यात पडली आहेत.

भिजलेली पुस्तकं वाळवण्यासाठी सोडवावीच लागणार. मी साहेबांना म्हटलं, सोडवतोच आहोत तर वरच्या फळीवरची कोरडीही सोडवू आणि सगळी गाणी संगीतकाराच्या नावानं अकारविल्हे लावू. एकाच गाण्याच्या पाच प्रती निघाल्या तर सगळ्यांत स्वच्छ असेल ती ठेवायची. बाकीच्या इतर ग्रंथालयांना द्यायच्या आणि आपल्याकडे नसलेली गाणी त्यांच्याकडून घ्यायची. साहेब म्हणाले, "मिस काँग्डन, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?" घरी येताना मी दोन स्टॉप पुढे गेले, इतकी हरखले होते. एकेचाळीस वर्षांच्या बाईचं असं होऊ नये, पण झालं.

४ ऑक्टोबर

शिवण कापायचं काम सिल्व्हिओकडे आहे. तो आमचा बाइंडर. हात सोन्याचे, तोंड मात्र भारी चालतं. आज एक कोरडं पुस्तक हातात घेऊन बसूनच राहिला.

"बाईसाहेब, हे चांगलं धडधाकट आहे. कशाला मोडायचं? कुणाचं तरी आहे ते."

"होतं," मी म्हटलं.

तो म्हणाला, पोर पहिलं गाणं कुठलं शिकली आणि शेवटचं कुठलं, ते या शिवणीत आहे, दोरा तुटला की ते गेलं. मी म्हटलं, शिवण अकारविल्ह्यात बसत नाही. यावर तो इटालियनमध्ये काहीतरी पुटपुटला आणि त्यानं दोरा कापला.

लोकांची पेन्सिलीची खोड मात्र भयंकर आहे. बोटांचे आकडे, मास्तरांच्या फुल्या, नवरोबांची चित्रं! स्वच्छ प्रत म्हणजे स्वच्छ हवी. मी कामासाठी मऊ रबराच्या दोन वड्या आणल्या आहेत. खाडाखोड निघून पांढरा कागद वर आला की इतकं बरं वाटतं! घर झाडून झाल्यावर वाटतं ना, अगदी तसं.

११ ऑक्टोबर

गाण्यांच्या पुस्तकांत मध्येच एकाच बाजूला छापलेले कवितांचे सुटे ताव निघतात. ते आधी वेगळे काढले, एकतीस निघाले. त्यांची जागा दुसऱ्या मजल्यावर, कवितांच्या कपाटात. बहुतेक शोककविता. घरातलं तरणं माणूस गेलं की काळी चौकट घालून कविता छापायची आणि शेजारीपाजारी वाटायची, ही इथली जुनी रीत. आज एक सापडली, १८८४ च्या जानेवारीतली. कुणी लव्हिनिया गोर्टन, वय एकोणीस, घटसर्पानं गेली. 'धाकटीच्या बोटांतले सूर कानी साठवत' तिनं डोळे मिटले म्हणे. कविता टुकार आहे, चौकट सुबक आहे.

१९ ऑक्टोबर

आज 'एल. गोर्टन' नावाचं पुस्तक मी हाती घेतलं. तीन दिवसांचं रबर एका दिवसात संपलं! शेवटच्या दहा-बारा गाण्यांच्या समासात बाईनं नुसती फर्मानं सोडली आहेत. पेन्सिल दाबून लिहिलेली, कागदाला चर पडलेत. आमच्याकडे तक्रारवह्या असतात त्यांत शोभावीत अशी. गंमत म्हणून काही इथे उतरवते.

'खिडकी लावा.' 'हे औषध तुम्हीच प्या, मग सांगा.' 'बाबांना सांगा मी रडत नाहीये, शेगडीचा धूर जातो डोळ्यांत.' 'फीला जिन्यावर येऊ देऊ नका.' हे शेवटचं तीन वेळा. ही फी कोण कुणास ठाऊक, बाईचा तिच्यावर दात दिसतो. आणि 'खाडीवरचा दिवा' या गाण्याच्या माथ्यावर, 'आता पुरे. तिला थांबवा.' पुढे अजून अर्धी ओळ होती, पण तोवर रबर फिरलं होतं.

कामवालीला बोलावण्याचेही कष्ट नकोत, लिहूनच हुकूम सोडायचे. थाट असावा तर असा. संध्याकाळी सगळे कागद कोरे करकरीत झाले. सिल्व्हिओ बघून गेला.

२६ ऑक्टोबर

दुबार प्रतींचा पहिला गठ्ठा ओहायोतल्या एका ग्रंथालयाला रवाना झाला. 'खाडीवरचा दिवा'ची आमच्याकडे आणखी चांगली प्रत होती, म्हणून गोर्टनची प्रत त्यातच गेली. साहेब आज कॉफी घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते.

१६ नोव्हेंबर

आज एक म्हातारी आली. ऐंशीची तरी असेल, काठी टेकत आली आणि बसायची उशी घरून घेऊन आली. मिस फिबी गोर्टन, बेनिफिट स्ट्रीटवरच्या. थोरल्या बहिणीचं, लव्हिनियाचं म्हणजे व्हिनीचं, गाण्यांचं पुस्तक पाहायचं म्हणाल्या. भावानं ते १९३१ मध्ये ग्रंथालयाला दिलं होतं.

नाव ऐकताच ते मोडलेलं पुस्तक आठवलं. तोंडातून निघून गेलं की पुस्तक बाइंडरकडे आहे.

"मला कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा खोटं बोलायचं तर जरा मोठ्यानं बोला."

ही त्यांची गंमत करायची रीत असावी. मग तासभर बोलत बसल्या. जुन्या माणसांना एकदा सुरुवात केली की धरबंध नसतो. शेगड्यांपासून हातमोज्यांपर्यंत सगळं ऐकावं लागलं.

व्हिनी गायची. घटसर्प झाला तेव्हा घशातून शब्द फुटेना, म्हणून तिनं आपली गाणी पलंगावर मागून घेतली होती. नुसती डोळ्यांनी वाचायची आणि काही सांगायचं झालं तर त्यांच्याच समासात लिहायची. फिबी नऊ वर्षांची, तिला वर जायची बंदी. घरात सगळे तिला फी म्हणत. खाली दिवाणखान्यात बसून ती बहिणीसाठी रोज दुपारी पियानो वाजवायची, दारं सताड उघडी टाकून, म्हणजे सूर वर जातील. डॉक्टरांनी रोगाची हवा जावी म्हणून खालच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या होत्या, आणि कोळसा सगळा वरच्या खोलीत जायचा. जानेवारी महिना. ती बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायची. 'खाडीवरचा दिवा' तिला नीट यायचं नाही, तिसऱ्या ओळीला हमखास चुकायची. एका मंगळवारी वडील खाली आले आणि म्हणाले, बंद कर, व्हिनीनं लिहून दिलंय. फिबीनं झाकण लावलं. गुरुवारी व्हिनी गेली.

"कवितेत छापलंय की ती शेवटपर्यंत माझं वाजवणं ऐकत होती," त्या म्हणाल्या. "छापलेलं खोटं आहे ते. मी मंगळवारीच उठले होते. मला फक्त एवढं बघायचंय, तिनं खरंच लिहिलं होतं का. आणि काय लिहिलं होतं."

वडिलांनी ते कागद जमवून पुस्तकात बांधले आणि कुलपात ठेवले. बाईंनी नंतर कधी पियानोला हात लावला नाही. इतकी वर्षं धीर झाला नाही म्हणाल्या. आता डॉक्टरांनी हृदयाचं काही सांगितलंय, तेव्हा धीर करायलाच हवा. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी कळवते.

त्या गेल्यावर मी गाण्यांच्या खोलीत जाऊन एकेक कागद काढला. सगळे आपापल्या जागी, अकारविल्ह्यात, स्वच्छ.

२२ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, वादळात सगळ्या गावाचं नुकसान झालंय, एका पुस्तकाचं झालं तर कुणाला नवल वाटणार? म्हातारीलाही ते सोपं जाईल. पाण्यावर कुणी राग धरत नाही.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. पण ते पुस्तक सगळ्यांत वरच्या फळीवर होतं. पाणी तिथवर पोचलंच नाही. पोचले ते माझे हात.

३० नोव्हेंबर

बेनिफिट स्ट्रीटला जाऊन आले. वाटेवर पाण्याची गोष्ट तीनदा घोकली होती. त्यांची भाची मिसेस लिपिट दार उघडायला आली, तिनं मक्याचे गरम पोळे आणि कॉफी पुढे ठेवली. खोलीच्या कोपऱ्यात पियानो होता, वर फोटो मांडलेले, झाकण बंद. तो पाहिला आणि घोकलेलं विसरले. पुस्तक मोडलं, समास पुसले, एक गाणं ओहायोला धाडलं, सगळं सांगून टाकलं. मोठ्यानं सांगितलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं. स्वयंपाकघरात भाचीनं भांडी आपटायची थांबवली.

गोर्टनबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काठीवर रेलून पुढे झुकल्या.

"पण तुम्ही वाचलंत ना? पुसायच्या आधी?"

मी म्हटलं, रबर चालवताना कुणी वाचत नाही.

"जगात कुणीतरी वाचलंय, एवढं तरी झालं असतं," त्या म्हणाल्या आणि भाचीला मला आणखी कॉफी वाढायला सांगितलं.

घरी आले. कोट तसाच अंगावर ठेवून ही वही उघडली, १९ ऑक्टोबर काढला. वाचलंच होतं मी. वाचून हसले होते. मला माझीच शिसारी आली. लोकांच्या घरातलं मरण मी खाडाखोड म्हणून झाडून टाकलं.

७ डिसेंबर

त्यांना माझी वही नेऊन वाचून दाखवली. माझे शेरे गाळणार होते, पण त्यांनी अडवलं. जसं लिहिलंय तसं वाचा, म्हणाल्या. मग मी 'तक्रारवही'ही वाचलं आणि 'थाट'ही. औषधाचं ऐकून त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले. "हीच व्हिनी. अगदी हीच."

'फीला जिन्यावर येऊ देऊ नका' ऐकल्यावर म्हणाल्या, ते ठाऊक आहे, ते माझ्यासाठीच होतं. मग शेवटचं राहिलं. मी वाचलं, 'आता पुरे. तिला थांबवा.'

त्या म्हणाल्या, "म्हणजे बाबा खोटं बोलले नव्हते."

"पुढे अर्धी ओळ होती," मी म्हटलं.

"काय होती?"

 डोळे मिटून ती ओळ आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते फक्त रबर. एखादी बरी अर्धी ओळ रचून सांगावी, असं क्षणभर वाटलं. त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्यानं झालं नाही.

सिल्व्हिओला विचारलं. तो म्हणाला, शिसं जातं, पण दाब राहतो, कागद मार विसरत नाही. त्यानं एक पुसलेला कागद घेतला, दिवा टेबलालगत आडवा धरला, आणि सावलीत 'खिडकी लावा' उभं राहिलं. मला रडू आलं. सिल्व्हिओनं पाठ फिरवून सरस ढवळायला घेतला. लगेच मी ओहायोला पत्र टाकलं, आमचं गाणं परत पाठवा म्हणून. साहेबांना विचारलं नाही.

२३ डिसेंबर

ओहायोचं उत्तर आलं. नाताळानंतर पाठवतो म्हणतात. गोर्टनबाईंना कळवलं. भाची म्हणाली, त्यांचं जेवण कमी झालंय, पण टपालवाला आला की खिडकीशी जातात.

१३ जानेवारी १९५५

कागद आला. तळघरात सिल्व्हिओनं दिवा आडवा धरला आणि मी वाचलं. 'आता पुरे. तिला थांबवा.' मग पुढे, अगदी स्पष्ट, 'तिचे हात'.

आणि त्यापुढे भोकं. ओहायोवाले आपल्या नावाचा शिक्का शाईनं मारत नाहीत, बारीक छिद्रं पाडून मारतात, म्हणजे चोराला पुसता येऊ नये. तो नेमका त्या अर्ध्या ओळीवर बसलाय. त्यांनी नियमानं माथ्यावरच मारला. त्यांच्या दृष्टीनं ती जागा कोरी होती, मीच करून दिली होती. दिवा सगळ्या बाजूंनी धरून पाहिला. 'तिचे हात' आणि भोकं, बस्स.

तिचे हात काय? वळत नाहीत? चुकतात? दुसरं काय असणार. तिसऱ्या ओळीला रोज चुकणारी नऊ वर्षांची पोर. आजारी माणसाचं डोकं उठणारच. त्या ज्याला सत्तर वर्षं भीत आल्या तेच नेमकं उरलंय. मी एकदा त्यांच्या बहिणीची अक्षरं पुसली. आता हे नेऊन त्यांच्या हातात द्यायचं, म्हणजे वरून मीठ चोळायचं. नाही देणार. 'थांबवा' एवढ्यावरच राहू दे.

सिल्व्हिओ म्हणाला, "बाईसाहेब, त्यांना दाखवा. त्या तिथे होत्या, आपण नव्हतो."

मी म्हटलं, तू शिवण बघ.

२१ जानेवारी

मिसेस लिपिटचा फोन आला. आत्या रोज विचारते, ओहायोचं काही आलं का? मी म्हटलं, अजून नाही. हे खोटं दयेपोटी, असं मनाला समजावलं. कागद माझ्या खणात आहे.

२७ जानेवारी

गोर्टनबाई आज पहाटे गेल्या. मिसेस लिपिटनं ग्रंथालयात फोन करून सांगितलं. झोपेतच गेल्या म्हणाली. काल टपाल आलं तेव्हा खिडकीशी होत्या.

३१ जानेवारी

दफनाला गेले. नॉर्थ बरिअल ग्राउंडमध्ये बर्फ गुडघ्यापर्यंत. जमीन इतकी गोठलेली की खणणाऱ्यांना दोन दिवस लागले म्हणे. व्हिनीच्या शेजारीच जागा होती. तिच्या दगडावर पियानोवाल्या धाकटीबद्दलची तीच टुकार ओळ कोरलेली आहे. मी मागे उभी होते. हातमोजे घरी राहिले होते.

नंतर बेनिफिट स्ट्रीटवर सगळ्यांना चहा होता. माणसं पियानोवर कप ठेवत होती. मी दारातूनच निघणार होते, कुठल्या तोंडानं आत जाणार? पण मिसेस लिपिटनं आत ओढलं आणि माझ्या हातात कप दिला. कप बशीवर वाजायला लागला. तिनं तो काढून घेतला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"अहो, पुरे आता, उभ्या काय राहिलात. हात बघा कसे गारठलेत तुमचे. या, शेगडीपाशी या."

पुरे. हात. व्हिनीचेच शब्द.

उघड्या खिडक्या, वर गेलेला कोळसा, बोटं कापलेले हातमोजे, हे सगळं मला गोर्टनबाईंनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं. मी म्हातारीची बडबड म्हणून ऐकलं होतं, आणि तरी इथे उतरवून ठेवलं होतं. वर पलंगावर पडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सूर ऐकू येत होते आणि त्या सुरांत खालची थंडीही ऐकू येत होती. त्या पोरीला उठवा, एवढंच तिनं लिहिलं होतं. 'तिचे हात' एवढे दोन शब्द मी बेनिफिट स्ट्रीटवर नेऊन वाचले असते, तर पुढचं गोर्टनबाईंना सांगावं लागलं नसतं. आपले हात केवढे गार होते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चौदा दिवस तो कागद माझ्या खणात होता.

मिसेस लिपिट मला शेगडीपाशी बसवून गेली. मी तिला काही सांगितलं नाही. 

८ फेब्रुवारी

आज मिसेस लिपिटला सगळं सांगितलं. ती पुष्कळ रडली, मग मला जा म्हणाली. मी आले.

सिल्व्हिओनं शिवणीची भोकं आणि जुने डाग जुळवून व्हिनीचं पुस्तक परत बांधलं. चौसष्ट गाणी अकारविल्ह्यातून उठवून आणली. शोककविताही दुसऱ्या मजल्यावरून खाली आली. साहेब म्हणाले, हे पद्धतीत बसत नाही. मी म्हटलं, नाही बसत. 'खाडीवरचा दिवा' शेवटी आहे, भोकांसकट. चरांवरून मी काही गिरवलं नाही, माझ्या हाताचं एक अक्षरही तिथे नको.

कार्डावर नाव, साल, पानांची संख्या घातली. खाली लिहिलं, 'समासात मजकूर आहे. दिवा आडवा धरून वाचावा.'

रबराची दुसरी वडी अजून खणात आहे, वेष्टनासकट.